रविवारच्या आत

१४ सप्टेंबर

प्रिय चिंगे,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आईचा निळा कागद दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा तिनेच डाव्या हाताने टेबलावर थाप मारून मागितला. फोनवर तू बोलतेस तेव्हा तिला उत्तर देता येत नाही आणि ती कासावीस होते. पत्राला लगेच उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून तिला पत्रच बरं वाटतं. तेव्हा आपली पद्धत चालू ठेव. निळा कागद तिचा, पांढरा माझा. पांढऱ्यावर तू मला जे काही सुनावतेस ते मी वाचून गुपचूप जाळून टाकतो.

मळ्याचं म्हणशील तर पानगळ सुरू झाली. नासपतीखाली रोज टोपलीभर पानं गोळा होतात, ती खताच्या खड्ड्यात ढकलतो. कांद्यांच्या वेण्या घालून माळ्याच्या वाशांना टांगल्या, गाजरं वाळूच्या खोक्यांत गेली. घेवडा आता शेवटचा. आईची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवतो, मांडीवर ताट देतो आणि ती एका हाताने शेंगा मोडत बसते. एप्रिलमध्ये झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बोलणं गेलं, उजवी बाजू गेली, पण समजतं सगळं. समजतं कसलं, माझ्यापेक्षा जास्त समजतं! मी शेंगेचा दोर नीट काढला नाही तर तीच शेंग माझ्या अंगावर फेकते.

भोपळे यंदा बावीस. देठ लांब ठेवून कापले आणि उन्हात मांडलेत. त्यातल्या एका वेलाचे मात्र विचित्र निघाले, लांबट, हिरव्या पट्ट्यांचे. शेजारच्या मास्तरीणबाईंनी गेल्या वर्षी कुंपणावर शोभेचे भोपळे चढवले होते, खायचे नव्हेत, नुसते बघायचे. मधमाश्यांना कुंपण कळत नाही आणि बी मी घरचंच धरलं, त्याचा हा प्रताप. पण बाबांचा नियम आहेच. कापलेल्या प्रत्येक भोपळ्याची कच्ची फोड आधी घरच्या माणसाने जिभेला लावायची. कडू लागली तर अख्खा भोपळा खड्ड्यात, कारण तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही. तुला आठवतं ना, फोड चाखताना बाबांचं तोंड कसं न्यायाधीशासारखं व्हायचं?

एक सांगायचं राहिलं. आई हल्ली कमी जेवते. चार चमचे झाले की तोंड फिरवते. मलाही जुलैतल्या तापापासून जेवणात राम वाटत नाही, तेव्हा हवेचा परिणाम असेल. परवा तर दूध करपून भांडं काळं झालं, मी शेगडीपासून दोन हातांवर बसलेलो आणि मला पत्ता नाही. मास्तरीणबाई वास आला म्हणून कुंपणापलीकडून धावत आल्या. वय झालं, दुसरं काय.

तुझा,
दादा

---

१९ सप्टेंबर

प्रिय दादा,

दुधाचं वाचून मी हसले नाही. तू दमला आहेस. सकाळी मळा, दुपारी मळा, मध्ये आईला उठवणं, बसवणं, धुणं. माणूस बसल्या जागी झोपला नाही तरच नवल. कबूल कर की तू झोपला होतास.

इथे हॉटेलात दोन मोठ्या परिषदा चालू आहेत. दिवसाला सातशे चादरी धुऊन, इस्त्री होऊन वर जातात आणि माझ्या हाताखालच्या दोघी आजारी. वाफेत उभं राहून संध्याकाळी माझाच चेहरा इस्त्री केल्यासारखा होतो. नाहीतर आत्ताच निघाले असते.

आईचं जेवण कमी होणं म्हणजे हवा नाही रे. ती आतून खचलीये. दिवसभर बोलायला कोण आहे तिला? तू बाहेर वाफ्यात. माझ्या लेकीची खोली ती बाहेरगावी गेल्यापासून रिकामीच आहे. खिडकीतून रस्ता दिसतो, खाली औषधांचं दुकान, पाच मिनिटांवर दवाखाना. मी हे पहिल्यांदा लिहीत नाहीये आणि तूही पहिल्यांदा टाळणार नाहीयेस. पण या वेळी विचार कर.

आणि सूप गाळून घट्ट करतोस ना? पातळ दिलं तर ठसका लागेल. मीठ किती घालतोस?

चिंगी

---

२७ सप्टेंबर

प्रिय चिंगे,

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. सातशे चादरींच्या ढिगावर बसून तुला आईच्या मनातलं दिसतं आणि मला तिच्यासमोर बसून दिसत नाही?

ती खचलेली नाही. काल पांढरी कोंबडी स्वयंपाकघरात शिरून घेवड्याच्या ताटात बसली तेव्हा आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. जेवायला बसली की मात्र हट्टाला पेटते. सोमवारी कुस्करलेले बटाटे दिले तर पहिलाच घास थुंकला. मास्तरीणबाई तिथेच होत्या. त्यांनी चमचाभर घेतला आणि म्हणाल्या, "अहो, मीठ आहे की मिठागर?" त्यांना काय, निवृत्त झाल्यापासून चुका काढायला वर्ग मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मीठ कमी केलं तर आईने तेही खाल्लं नाही. आता बोल.

खोटं सांगत नाही, आईला तपासायला घरी येतात त्या नर्सबाईंनी वजन केलं. महिन्यात तीन किलो उतरलंय. त्या म्हणाल्या, असंच चाललं तर मोठ्या डॉक्टरांना कळवावं लागेल.

पण तुझ्या चौथ्या मजल्यावर तिने काय करायचं? लिफ्टचे आकडे मोजायचे? बाबा गेले तेव्हा ती मला काय म्हणाली होती, तू ऐकलं आहेस. "मला या दारातून एकदाच बाहेर न्यायचं." मी शब्द दिलाय. तिला तिकडे नेलंस तर ती महिन्यात जाईल आणि मी इथे बावीस भोपळ्यांकडे बघत बसेन.

बीट काढायला आलेत. पहाटे पानांवर गारठ्याचा पांढरा थर दिसायला लागला.

दादा

---

३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

हा पांढरा कागद आहे. आईला वाचून दाखवू नकोस. तिच्या निळ्या कागदावर मी लेकीच्या नव्या नोकरीबद्दल लिहिलंय, तेवढंच वाच.

तीन किलो! तू हे बीट आणि कोंबडीच्या मधे लिहितोस? माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि एक उशीचा अभ्रा जळाला. मी नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की तुमचे भाऊ मनापासून करतात, पण बाईंच्या पोटात काही जात नाही. मनापासून करण्याने पोट भरत नाही, दादा.

म्हणून आता ऐक. पुढच्या रविवारी, बारा तारखेला, मी रजा घेतलीये. गाडी सांगून ठेवलीये, झोपवून नेता येईल अशी. रविवारच्या आत आई पुन्हा नीट जेवायला लागली, निदान वाटीभर सूप संपवायला लागली, तर मी एकटीच येईन, तुझ्या हातचा चहा पिईन आणि परत जाईन. नाही जेवली तर तिला घेऊन जाईन. शब्द तू दिला आहेस, मी दिलेला नाही. मला आई जिवंत हवी आहे, मग दार कुठलंही असो.

जवळ बसून भरव. तिने तोंड फिरवलं तरी लगेच वाटी उचलू नकोस. लहान मुलाला भरवतात तसं.

मला तुझा राग आलेला नाही. भीती वाटते.

चिंगी

---

८ ऑक्टोबर, दुपार

चिंगे!

गाडीला नाही म्हणून कळव. आईने वाटी संपवली! भोपळ्याचं सूप, गाळलेलं, घट्ट, तुझ्या हुकमाप्रमाणे. आज पहिला भोपळा कापला, तो पट्ट्यांचाच, कारण तो टिकणार नव्हता. पहिल्या चमच्याला तिने जोरात तोंड वाकडं केलं, माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे बघितलं. मी म्हटलं, झालं, आता उडवते. पण नाही. तिने तोंड उघडलं. एकेका चमच्याला डोळे मिटून गिळत होती. शेवटच्या चमच्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. शहाणी माझी आई!

पोस्टमन दारात उभा आहे, त्याला थांबवून लिहितोय. रविवारी एकटीच ये. चहा करून ठेवतो.

दादा

---

१२ ऑक्टोबर, रविवार
दवाखाना, तिसरा मजला

दादा,

काल तुझं पत्र मिळालं. पाकीट फोडलं तेव्हा आई अतिदक्षता विभागात होती, दोन्ही हातांत सुया. "शहाणी माझी आई." मी ते वाचून जिन्यातच बसले.

आज ती जागी आहे. उलट्या थांबल्या. रक्तदाब इतका खाली गेला होता की डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलत होते. मूत्रपिंडांना धक्का बसलाय, किती ते दोन-तीन दिवसांत कळेल. या वयात, या प्रकृतीत हे झेपणं कठीण होतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्यांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हटलं, रुग्णवाहिकेवाल्याला तू सांगितलंस तेच, भोपळ्याचं सूप. त्यांनी विचारलं, कडू होतं का? मी म्हटलं, शक्यच नाही, आमच्या घरात चाखल्याशिवाय भोपळा शिजत नाही, माझा भाऊ प्रत्येक फोड चाखतो. मी छाती पुढे काढून सांगितलं, दादा. तासाभराने मास्तरीणबाईंचा फोन आला. त्यांनी तुझ्या पातेल्यातलं उरलेलं सूप बोटावर घेतलं होतं. तासभर चूळ भरत होत्या, तरी जिभेवरून जाईना.

तू चाखलं होतंस की नव्हतंस? एवढंच सांग. मला लांबलचक काही नको.

आणि त्या रात्री तू रुग्णवाहिकेत का बसला नाहीस? तू स्ट्रेचर आत ढकललंस आणि मागे सरकलास, असं गाडीवाला म्हणाला. आई दरवाज्याकडे बघत होती म्हणे. चार दिवस झाले, तू आला नाहीस, फोन उचलत नाहीस. कोंबड्यांची काळजी मास्तरीणबाई घेतील. तुला आणखी काय अडवतंय?

चिंगी

---

१५ ऑक्टोबर

प्रिय चिंगे,

चाखलं होतं.

तू लांबलचक नको म्हणालीस, पण एका शब्दात हे खोटं ठरेल. फोड कापली, जिभेला लावली, चघळली, गिळली. मला काहीच लागलं नाही. कडू नाही, गोड नाही, भोपळा नाही. जुलैच्या तापानंतर मला ना वास येतो ना चव. कांदा कापला तर डोळ्यांत पाणी येतं, पण नाकाला पत्ता नसतो. दूध करपलं तेव्हा मी झोपलो नव्हतो, टक्क जागा होतो. मीठ मी अंदाजाने घालायचो आणि घातलं की नाही हे विसरून पुन्हा घालायचो. आई थुंकत होती ते माझं जेवण तसं होतं म्हणून. ती खचलेली नव्हती आणि हट्टीही नव्हती. तिला तीन महिने खारट, करपलेलं, आंबलेलं भरवत होतो आणि वर तिलाच रागवत होतो.

तुला का नाही सांगितलं? तू लगेच म्हणाली असतीस, ज्याला करपलेलं कळत नाही, गॅस सुटलेला कळणार नाही, त्याच्या भरवशावर आईला कसं ठेवू? आणि ते बरोबरच होतं. म्हणून ताकास तूर लागू दिली नाही. रोज वाटायचं, उद्या येईल चव.

त्या दिवशी फोड जिभेवर ठेवून मी उभा होतो. मला माहीत होतं की माझी जीभ मेलेली आहे. तरी मनाला सांगितलं, कडू असतं तर एवढं तरी कळलंच असतं. कुंपणाच्या दारात उभं राहून मास्तरीणबाईंना हाक मारायची होती फक्त. वीस पावलं. हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं, मग तुला. मी वीस पावलं वाचवली.

पातेल्यातले मीही दोन चमचे खाल्ले होते. पोटात मुरडा आला. मला वाटलं, शिळ्या ब्रेडचा.

तो वेल मुळासकट उपटला. उरलेले एकवीसही भोपळे खड्ड्यात घातले, चांगलेही. आता चांगला कोणता ते मी कसं ठरवणार?

आई तुझ्याकडे राहू दे. मी दिलेला शब्द मी मोडतो. मी येणार नाही, कारण ती माझ्याकडे बघेल आणि मला ते सोसणार नाही. शिवाय मला माझ्याच हाताची भीती वाटते. तिला म्हणावं, मळ्यावर सगळं ठीक आहे.

दादा

---

२० ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचल्यावर तुला काय काय लिहायचं ते मी दोन दिवस मनात जुळवत होते. त्यातलं बरंचसं वाईट होतं. आता ते लिहिणार नाही. का, ते सांगते.

आईला काल साध्या वॉर्डात आणलं. मूत्रपिंडं सावरतायत, पूर्ण नाही, पण सावरतायत. आज दुपारी मी तिचे केस विंचरत होते आणि मनात एकच घोळत होतं. तुला चव नाही, कबूल. पण तिला तर आहे ना? मिठाचा खडा जास्त झाला तर थुंकणारी बाई, तिने एवढं कडू शेवटच्या चमच्यापर्यंत गिळलं कसं?

मी तिचा डावा हात हातात घेतला. हो म्हणायचं असेल तर दाबायचा, असं आमचं ठरलंय. मी विचारलं, "आई, सूप कडू लागलं होतं?" तिने दाबला. "पहिल्याच चमच्याला?" दाबला. "मग का खाल्लंस? दादाला वाईट वाटेल म्हणून?" हात नुसताच राहिला. "भूक लागली होती?" काही नाही. मी आणखी काहीबाही विचारत राहिले. शेवटी ती वैतागली, हात सोडवून घेतला आणि पलंगाला टांगलेल्या तक्त्याची पेन्सिल ओढली. मी तक्ता धरला. डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखं, एक शब्द लिहायला तिला पाच मिनिटं लागली.

"रविवार."

मला आधी कळेना. मी मूर्खासारखी म्हटलं, "आज रविवार नाही गं, आज सोमवार." तिने माझ्याकडे असं बघितलं, दादा. मग कळलं.

तू तिला पांढरा कागद वाचून दाखवलास. तिला माहीत होतं की रविवारच्या आत वाटी संपवली नाही तर मी तिला गाडीत घालून नेणार. म्हणून तिने डोळे मिटून विष गिळलं. माझ्यापासून वाचायला. पोटच्या पोरीपासून!

ते वाक्य मी लिहिलं होतं. "नाही जेवली तर घेऊन जाईन." इस्त्रीच्या टेबलावर, उभ्याने, रागात. आईला मरणाच्या दारात तू एकट्याने नेलं नाहीस. तुझा हात होता आणि माझं पेन. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला दोष देणार?

मी तिला विचारलं, माझ्याकडे राहशील? हात हलला नाही. मळ्यावर जायचंय? तिने इतक्या जोरात दाबला की माझी अंगठी रुतली. मी तिला सांगितलेलं नाही की तू नको म्हणतोयस. माझ्याच्याने ते होणार नाही. तुला नकोच म्हणायचं असेल तर इथे ये आणि तिचा हात हातात घेऊन तू सांग.

पण तो कागद तू का वाचलास? मी बजावलं होतं.

चिंगी

---

२३ ऑक्टोबर

प्रिय चिंगे,

तुझं पत्र मास्तरीणबाईंसमोर वाचलं.

कागद का वाचला ते सांगतो. तुला वाटेल चुकून. चुकून नाही. निळा वाचून झाला, मग मी पांढरा उघडला आणि तो स्वतःशी वाचताना माझं डोकं फिरलं. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ऐक, तुझी लाडकी काय म्हणते ते." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मोठ्याने. तिला तुझा राग यावा असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी वाटी पुढे करून मी तिला म्हणालोसुद्धा, "खा, नाहीतर नेतील तुला." मी हे बोललो, चिंगे. जिला बोलता येत नाही, उठता येत नाही, नाही म्हणायला जिच्याकडे एक थुंकणं तेवढं उरलं होतं, तिचं तेही मी काढून घेतलं. तुझं पेन कशाला म्हणतेस? पेन तू लांब ठेवलं होतंस, मी ते तिच्यापर्यंत नेलं.

काल मळ्यात काहीच केलं नाही. कोबीत गोगलगायी शिरल्यात, शिरू देत. मी तिच्या खुर्चीत बसून होतो. तिने सूप संपवताना माझ्याकडे एकदा बघितलं होतं, ते सारखं समोर येतं. ती मला सांगत होती, अरे, हे कडू आहे. तिला वाटलं असेल, याला कळतंय आणि तरी हा देतोय. असं वाटलं असेल का तिला? हे मी तिला विचारल्याशिवाय जगू शकत नाही.

शनिवारी सकाळच्या बसने येतोय. आधी तिची माफी मागेन, मग ती म्हणेल तसं. तू बाहेर थांब थोडा वेळ. मला तिच्यासमोर रडायचंय आणि तू बघितलंस तर जन्मभर चिडवशील.

दादा

---

१६ नोव्हेंबर

प्रिय चिंगे,

आईला मळ्यावर सोडून तू गेल्याला आठ दिवस झाले आणि आई तीनदा दाराकडे बोट दाखवून तुझ्याबद्दल विचारून झाली. मी सांगतो, चादरी धुते आहे. निळा कागद लवकर पाठव. पांढराही पाठव, पण आता दोन्ही तिच्यासमोरच उघडतो. तेव्हा मला शिव्या द्यायच्या असतील तर जपून दे.

नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. म्हणाले, चव परत येईल किंवा येणार नाही. एवढं मास्तरीणबाईंनी फुकटात सांगितलं असतं. त्यांनी मिठाचा चमचा लाल दोऱ्याने बांधून भिंतीला टांगलाय आणि रोज अकरा वाजता पातेलं तपासायला येतात. निवृत्तीनंतर त्यांना एक विद्यार्थी मिळाला. गॅस सुटला तर वाजणारी डबी तू लावून गेलीस, ती परवा कोंबडी ओरडावी तशी ओरडली. मी बाहेर पळालो. बॅटरी संपत आली होती.

वजन वाढलेलं नाही. पाय संध्याकाळी सुजतात. नर्सबाई पायाला बोट लावून बघतात तेव्हा त्यांचा चेहरा मला आवडत नाही. हा हिवाळा तिला निघेल की नाही, मला माहीत नाही. हे तुझ्यापासून आता लपवणार नाही.

दवाखान्यात मी तिला विचारलं होतं ना, तुला काय वाटलं तेव्हा, मी मुद्दाम देतोय असं? तू बाहेर होतीस, म्हणून तुला सांगायचं राहिलं. तिने माझं नाक धरलं, डाव्या हाताच्या दोन बोटांत, आणि नाही म्हणून मान हलवली. तिला जुलैपासून माहीत होतं. घरात फक्त मलाच वाटत होतं की कुणाला कळत नाही.

आता आजची बातमी. दुपारी गाजराचं सूप केलं. मास्तरीणबाईंना यायला उशीर झाला आणि मीठ बहुतेक दोनदा पडलं. आम्ही असं ठरवलंय की पहिला चमचा दिला की मी गप्प बसायचं. खा म्हणायचं नाही, चेहरा पाडायचा नाही, वाटी पुढे करायची नाही. चमचा तोंडात गेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सगळं माझ्या शर्टावर उडवलं. थेट, नेम धरून.

चिंगे, मला इतका आनंद झाला की मी खाली बसलो आणि पोरासारखा रडलो. ती घाबरली. पदराने माझा शर्ट पुसायला लागली, तोंडाने ते तिचे आवाज काढत. तिला वाटलं मला राग आला. मी तिचा हात धरून म्हटलं, "थुंक, आई. नको असेल ते रोज थुंक. तुला कुणी कुठे नेत नाही." तिने हात दाबला नाही, काही नाही, नुसती बघत राहिली. तिला हे खरं वाटायला वेळ लागेल.

मग दुधात ब्रेड भिजवून दिला. अर्धा खाल्ला आणि तोंड फिरवलं. उरलेला अर्धा मी मुकाट्याने उचलून ठेवला.

तुझा,
दादा